ट्रेंट नदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी घरांत ट्रेंट हे नाव पोचलं ते क्रिकेटच्या समालोचनातून. ट्रेंट ब्रिज म्हणजे नॉटिंगहमचं मैदान, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं; पण त्या पुलाखालून वाहणारी नदी कुठली, कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. इंग्लंडला आलेले पाहुणे थेम्स बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. माझं स्पष्ट मत आहे की इंग्लंड कसं घडलं हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने ट्रेंटच्या काठाने जावं. चिनी मातीची भांडी, बिअर, कोळसा, वीज, कालवे, लढाया, सगळं या एका खोऱ्यात सापडतं. नॉटिंगहम, डर्बी, लेस्टर, बर्मिंगहॅमकडे शिकायला किंवा नोकरीला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

ट्रेंट कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते?

स्टॅफर्डशर परगण्याच्या उत्तर टोकाला बिडल्फ मूर नावाचा उंच, वाऱ्याचा माळ आहे. तिथल्या ट्रेंट हेड वेल या झऱ्यापाशी नदीचा उगम मानतात. सुरुवातीचा ओहोळ लहान मूलही उडी मारून ओलांडेल इतका अरुंद. तिथून ती दक्षिणेला उतरते, स्टोक-ऑन-ट्रेंट, स्टोन, रूजली ही गावं मागे टाकते, मग पूर्वेकडे आणि ईशान्येकडे झुकत बर्टन अपॉन ट्रेंट आणि नॉटिंगहमला येते. न्यूअर्कनंतर तिने सरळ उत्तरेची वाट धरलेली असते. गेन्सबरो ओलांडून ती यॉर्कशरच्या ऊझ नदीला मिळते, आणि त्या दोघींच्या संगमातून हंबर ही रुंद खाडी तयार होऊन उत्तर समुद्राला लागते. म्हणजे ट्रेंट स्वतःच्या नावाने समुद्राला मिळतच नाही.

थेम्सपेक्षा ती लहान आहे का?

लांबीने हो. सेव्हर्न ३५४ किलोमीटर, थेम्स ३४६ आणि ट्रेंट २९८. ब्रिटनमध्ये तिचा नंबर तिसरा. सेव्हर्न वेल्समध्ये उगम पावते, त्यामुळे फक्त इंग्लंडच्या हद्दीत वाहणाऱ्या नद्यांत ट्रेंट दुसरी ठरते. पाणलोट क्षेत्र मात्र चांगलं मोठं, सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर. बर्मिंगहॅम, लेस्टर, डर्बी, नॉटिंगहम, स्टोक ही सगळी शहरं याच खोऱ्यात येतात.

आपल्या नद्यांच्या हिशेबात हे आकडे किरकोळ वाटतील. पण इंग्लंडचा नकाशा हातात घेतलात तर देशाचा मधला सगळा भाग या नदीने कवेत घेतलेला दिसेल.

ती उत्तरेकडे का वळते?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. इंग्लंडमधल्या मोठ्या नद्या साधारणपणे पूर्वेला, पश्चिमेला किंवा दक्षिणेला समुद्राकडे जातात. इतकी मोठी नदी निम्मी वाट चालून आल्यावर उत्तरेला वळते, हे विरळाच.

उत्तर हिमयुगात आहे. एकेकाळी ट्रेंट उत्तरेला जातच नव्हती. आज जिथे लिंकन शहर आहे तिथे चुनखडीच्या लांबलचक कड्याला एक खिंड आहे, त्या खिंडीतून ती पूर्वेला, फेन्सच्या सखल प्रदेशाकडे जायची. त्याच्याही आधी तिची वाट आणखी दक्षिणेच्या अँकॅस्टरच्या खिंडीतून होती. बर्फाच्या प्रचंड थरांनी पुढच्या काळात या वाटा बदलल्या, गाळ आणि खडी टाकली, आणि नदीला आजचा हंबरचा रस्ता मिळाला. लिंकनच्या त्या खिंडीत आज विदम नावाची लहान नदी वाहते. टेकडीवरच्या कॅथेड्रलपाशी उभं राहून खाली पाहिलं की एवढ्याशा नदीला एवढी मोठी खिंड कशी, असा प्रश्न पडतो. ती खिंड ट्रेंटची जुनी वाट आहे.

हिमयुगातली ती खडी पुढे माणसाच्या कामी आली. नॉटिंगहमजवळ ॲटनबरो इथे १९२९ पासून वाळू-खडीचं उत्खनन झालं; खोदलेल्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली, तळ्यांवर पक्षी आले, आणि १९६६ मध्ये तिथे निसर्ग राखीव क्षेत्र सुरू झालं. त्याचं उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केलं.

नदीला पाणी कुठून येतं?

डोंगरातून थोडं, आणि शहरांतून फार मोठ्या प्रमाणात. डव्ह आणि डर्वेंट या दोन उपनद्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातून येतात. तिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; खालच्या खोऱ्यात जेमतेम सहाशेच्या आसपास. लेस्टरकडून सोअर येते. आणि बर्मिंगहॅमचं पाणी घेऊन येते टेम. ऑलरीवस गावाजवळ टेम ट्रेंटला मिळते, तेव्हा पाणी टेमचंच जास्त असतं. उपनदीच मोठी, मुख्य नदी तिच्यापुढे धाकटी, तरी नाव पुढे ट्रेंटचंच चालतं.

टेममध्ये एवढं पाणी कुठून, याचा माग काढला तर वेल्सच्या डोंगरात पोचायला होतं. बर्मिंगहॅमला प्यायचं पाणी १९०४ पासून वेल्समधल्या एलन खोऱ्याच्या धरणांतून येतं. शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी आहे, आणि पाणी पंपाशिवाय केवळ उताराने शहरापर्यंत उतरतं. ते शहरात वापरलं जातं, सांडपाणी केंद्रांत शुद्ध होतं आणि टेममध्ये सोडलं जातं. एलन ही वाय नदीची उपनदी, तिचं पाणी निसर्गाने पश्चिमेला ब्रिस्टलच्या खाडीकडे न्यायचं ठरवलेलं. माणसाने ते देशाच्या पलीकडच्या बाजूला, उत्तर समुद्राकडे वळवलं. कोरड्या उन्हाळ्यातही ट्रेंट बऱ्यापैकी भरलेली दिसते, त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे.

"ट्रेंटच्या उत्तरेला" आणि "ट्रेंटच्या दक्षिणेला" असं इंग्लिश लोक का म्हणतात?

शतकानुशतकं ही नदी राज्यकारभारातली रेघ होती. राजाच्या जंगलांचा न्यायनिवाडा करणारे अधिकारी ट्रेंटच्या उत्तरेसाठी वेगळे आणि दक्षिणेसाठी वेगळे असत. घराण्यांची मानचिन्हं नोंदवणाऱ्या संस्थेत आजही ही वाटणी टिकून आहे: दक्षिणेचा कारभार क्लॅरेन्शू या पदाकडे, उत्तरेचा नॉरॉय या पदाकडे.

रोजच्या बोलण्यात मात्र "उत्तर कुठे सुरू होते" यावर इथे आजही वाद रंगतो. नॉटिंगहमच्या लोकांना विचारलंत तर ते स्वतःला ना उत्तरेचे म्हणतात ना दक्षिणेचे. आम्ही मिडलंड्सचे, एवढंच ठासून सांगतात. मला त्यांचं पटतं.

पूर येतो का? कधी?

येतो, आणि जोरदार येतो. आपल्याकडे पूर म्हटला की आषाढ-श्रावण डोळ्यांपुढे येतो. इथे धोका हिवाळ्यात. थंडीत बाष्पीभवन नाममात्र होतं, जमीन आधीच पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, आणि वरून दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की सगळं पाणी थेट नदीत येतं. त्यात डोंगरावरचा बर्फ वितळला तर विचारूच नका.

फेब्रुवारी १७९५ चा पूर नोंदींतला सर्वांत मोठा. आठेक आठवडे कडाक्याची थंडी, नद्या गोठलेल्या, पाणचक्क्या बंद पडल्यामुळे दळण बंद. मग अचानक बर्फ वितळलं आणि मुसळधार पाऊसही आला. ट्रेंटवरचे पूल वाहून गेले. मार्च १९४७ मध्ये जवळपास तसंच घडलं. हिमवृष्टीचा लांबलेला हिवाळा, खाली गोठलेली जमीन, आणि वर पाऊस. नॉटिंगहम, वेस्ट ब्रिजफर्ड, लाँग ईटन इथले रस्ते पाण्याखाली गेले. नोव्हेंबर २००० मध्ये पाणी पुन्हा त्या पातळीच्या जवळ पोचलं. त्यानंतर नॉटिंगहमच्या डाव्या काठावर भिंती आणि बांध यांची सलग रांग उभारली. हे काम २०१२ मध्ये पुरं झालं आणि त्यामुळे हजारो घरांना संरक्षण मिळालं. जानेवारी २०२४ मध्ये हेंक वादळानंतर खोऱ्यातली शेतं आणि गावं पुन्हा पाण्याखाली होती.

हे सगळं एका जागी वाचायचं असेल तर नॉटिंगहमच्या ट्रेंट ब्रिजखाली जा. पुलाच्या काठाकडच्या दगडी बांधकामावर पुराच्या पातळ्या कोरल्या आहेत, रेघ आणि शेजारी साल. १८५२ पासूनच्या खुणा तिथे आहेत, आधीच्या मध्ययुगीन पुलावरच्या खुणाही इकडे उतरवून घेतल्या. आजचा लोखंडी पूल १८७१ चा. एरवी नदी बरीच खाली, शांत वाहत असते, बदकं फिरत असतात, आणि १९४७ ची रेघ बघायला आपल्याला मान वर करावी लागते. पुराची आकडेवारी कितीही वाचली तरी ती उंची तिथे उभं राहिल्यावरच कळते.

एगर म्हणजे काय?

ट्रेंटवर उलट्या दिशेने येणारी भरतीची लाट. हुगळीवर येते तशीच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, विशेषतः वसंत आणि शरद संपाताच्या सुमाराला, उत्तर समुद्राचं पाणी हंबरच्या रुंद तोंडातून आत घुसतं. खाडी अरुंद होत जाते, तळ वर येत जातो, पाण्याला पसरायला जागा राहत नाही, आणि मग ते भिंतीसारखं उभं राहून नदीत शिरतं. लाट चांगली असेल तेव्हा दीड मीटरपर्यंत उंच जाते. गेन्सबरोच्या वर नदीचं वळण आणि आकार असा आहे की तिचा जोर ओसरतो.

पाहायला जाणाऱ्यांनी आधी पोचावं आणि वाट बघावी. नदी मातकट, संथ, समुद्राकडे चाललेली असते. मग खालच्या वळणाकडून आवाज येतो, काठाच्या चिखलावर पाणी फुटत येण्याचा. मधोमध लाट गुळगुळीत उंचवट्यासारखी असते, दोन्ही कडांना मात्र ती फेसाळत, झाडांच्या मुळांवर आदळत पुढे सरकते. तिच्या मागे लहान लाटांची रांग. त्या पिल्लांना स्थानिक लोक व्हेल्प्स म्हणतात. लाट गेली की क्षणभरापूर्वी समुद्राकडे वाहणाऱ्या फांद्या उलट, गावाकडे वाहू लागतात आणि पाणी बघता बघता काठाला लागतं.

गेन्सबरोचे लोक सांगतात की समुद्राला मागे हटण्याचा हुकूम देणाऱ्या कनूट राजाचा प्रसंग इथेच, एगरसमोर घडला. ही दंतकथा. पण त्याचा बाप स्वेन याने १०१३ मध्ये इंग्लंड जिंकलं तेव्हा गेन्सबरोला तळ ठोकला होता आणि पुढच्या वर्षी तो तिथेच मेला, हा इतिहास आहे.

ट्रेंट फॉल्स हा धबधबा आहे का?

नाही. ट्रेंट आणि ऊझ यांच्या संगमाचं ते नाव. आजूबाजूला सगळा सपाट चिखल, दलदल आणि आकाश. धबधब्याच्या आशेने जाऊ नका.

खालच्या भागातली जमीन इतकी सपाट आणि काळीभोर कशी?

गेन्सबरोच्या खाली, पश्चिम काठावर ॲक्सहोम नावाचा प्रदेश आहे. सतराव्या शतकापर्यंत तो दलदलीत वेढलेल्या बेटासारखा होता. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने कॉर्नेलियस व्हर्मुडेन या डच अभियंत्याला दलदल उपसायचं काम दिलं. त्याने नद्यांचे प्रवाह वळवले, चर खणले. पण त्या दलदलीवर मासे, पक्षी, गवत यांच्या जोरावर जगणाऱ्या गावकऱ्यांचे हक्क गेले. त्यांनी बांध फोडले, दंगली केल्या, आणि तो झगडा कित्येक वर्षं चालला. कागदावर हा प्रकल्प "जमीन सुधारणा" म्हणून नोंदला आहे. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर सुधारणा हा शब्द घशाखाली उतरत नाही.

पुढे इथल्या शेतकऱ्यांनी एक सुंदर युक्ती वापरली. भरतीचं गढूळ पाणी दरवाज्यांतून मुद्दाम शेतात घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, ओहोटीला निवळ पाणी परत सोडायचं. असं वारंवार केलं की हलक्या जमिनीवर कसदार मातीचा जाड थर चढतो. नदीने आणलेला गाळ माणसाने ठरवून, मोजून शेतावर पसरला.

बर्टनची बिअर आणि हिंदुस्थान यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. बर्टन अपॉन ट्रेंटच्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत, त्यामुळे तिथल्या विहिरींच्या पाण्यात सल्फेट भरपूर उतरतं. फिकट रंगाच्या, कडवट चवीच्या बिअरला हे पाणी फार मानवतं. बिअर नदीच्या पाण्याची नसते, विहिरीच्या पाण्याची असते, हे लक्षात ठेवा.

अठराव्या शतकात बर्टनची बिअर ट्रेंटमधून होड्यांनी हल बंदराला आणि तिथून बाल्टिक मार्गे रशियाला जायची. नेपोलियनच्या लढायांनी आणि मग रशियाच्या जकातीने तो बाजार बसला. तेव्हा सॅम्युएल ऑलसॉप यांनी १८२२ च्या सुमारास हिंदुस्थानात जाणाऱ्या फिकट बिअरच्या धर्तीवर आपली बिअर काढली, आणि बास वगैरे इतरही त्या धंद्यात उतरले. इंडिया पेल एल हे नाव आज जगभरच्या बाटल्यांवर दिसतं. त्यातला इंडिया म्हणजे कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा हिंदुस्थान. बासचा लाल त्रिकोण हा १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदलेला पहिला ट्रेडमार्क.

नदीच्या खालच्या टोकाला गेन्सबरोत मार्शल कंपनीचा मोठा कारखाना होता. वाफेच्या इंजिनांबरोबर आसामच्या मळ्यांसाठी चहा वळायची आणि वाळवायची यंत्रं तिथे बनत.

कालवे, कोळसा आणि विजेचा ट्रेंटशी काय संबंध?

स्टोकच्या कुंभारांना कच्चा माल हवा होता आणि तयार भांडी न फुटता बंदरात पोचवायची होती. खड्ड्यांच्या रस्त्यावरून घोड्यांनी ते जमेना. भांड्यांचे कारखानदार जोसाया वेजवुड यांनी पुढाकार घेतला, अभियंते जेम्स ब्रिंडली यांनी आखणी केली, १७६६ मध्ये पहिली कुदळ पडली आणि १७७७ मध्ये ट्रेंट आणि मर्सी कालवा पुरा झाला. पूर्वेचा आणि पश्चिमेचा समुद्र पाण्याने जोडला गेला.

विसाव्या शतकात पाळी आली विजेची. शेजारी नॉटिंगहमशर आणि यॉर्कशरच्या खाणींचा कोळसा, थंड करायला नदीचं पाणी, आणि बांधकामाला सपाट जमीन. काठाने औष्णिक केंद्रांची माळच उभी राहिली. लोक या खोऱ्याला मेगावॉट व्हॅली म्हणू लागले. त्यातलं शेवटचं रॅटक्लिफ-ऑन-सोअर. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं आणि ब्रिटनमधली कोळशाची वीज १४२ वर्षांनी संपली. एम-१ महामार्गावरून त्याचे पाणी थंड करणारे आठ मनोरे दिसत. गेन्सबरोजवळच्या वेस्ट बर्टनच्या जुन्या केंद्राची जागा २०२२ मध्ये अणुसंमीलनाच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडली गेली.

एवढ्या कारखान्यांनंतर पाणी स्वच्छ आहे?

पूर्वीपेक्षा पुष्कळ. एकेकाळी या नदीत सामन मासा मुबलक होता. कारखाने, शहरांचं मैलापाणी आणि बंधारे यांनी त्याला संपवलं. विसाव्या शतकाच्या मध्याला नदीचे काही पट्टे माशांविना होते. मग शुद्धीकरण केंद्रं सुधारली. टेमवर ली मार्स्टन इथे १९८० मध्ये मोठी तळी बांधली, ज्यांत बर्मिंगहॅमकडून येणारा विषारी गाळ खाली बसतो. आज ट्रेंट ही गळ टाकणाऱ्यांची आवडती नदी आहे, आणि बार्बेल माशासाठी लोक लांबून येतात. बंधाऱ्यांवरून माशांना वर चढता यावं म्हणून वाटा बांधल्या जात आहेत. २०२१ मध्ये डर्बीशरच्या विलिंग्टनला नदीकाठच्या पाणथळीत बीव्हर (झाडं कुरतडून पाण्यावर बांध घालणारे प्राणी) सोडले, त्या परगण्यात सुमारे आठशे वर्षांनी.

पण बेफिकीर राहण्यासारखी स्थिती नाही. २००९ मध्ये स्टोकजवळ सायनाइड सांडपाण्यात गेलं, शुद्धीकरण करणारे जिवाणू मेले, आणि हजारो मासे मरून वर आले. दशकांची मेहनत एका चुकीने मातीत जाते.

इतिहासाची आवड आहे. काठावर काय बघू?

व्हायकिंगांचं मोठं सैन्य ८७२-७३ चा हिवाळा टॉर्क्सीला आणि ८७३-७४ चा रेप्टनला राहिलं. दोन्ही गावं ट्रेंटकाठची. रेप्टनच्या चर्चशेजारी उत्खननात २६४ माणसांच्या तरी अस्थी एकत्र सापडल्या. न्यूअर्कचा पडका किल्ला थेट पाण्यावर उभा आहे. जॉन राजा ऑक्टोबर १२१६ मध्ये तिथे मेला. आणि स्वार्कस्टनचा दगडी पूल जरूर बघा. पूरमैदान ओलांडणारा हा सव्वा किलोमीटरच्या जवळपास लांबीचा मध्ययुगीन मार्ग. डिसेंबर १७४५ मध्ये ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याच्या चार्ल्सचे आघाडीचे सैनिक लंडनच्या वाटेवर या पुलापर्यंत आले आणि इथून मागे फिरले.

नदीमुळे ट्रेंट ब्रिजवर चेंडू स्विंग होतो, हे खरं का?

चेंडू तिथे हवेत वळतो, हे गोलंदाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नदीच त्याला कारण आहे, हे सिद्ध झालेलं नाही. मैदान १८३८ पासूनचं, नदीपासून चालत दोन-चार मिनिटांवर. २००७ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने इथे सामन्यात ९ बळी घेतले, भारत जिंकला आणि ती मालिकाही आपण जिंकली. सचिनच्या १९९६ च्या १७७ धावाही याच मैदानावरच्या.

मुलांना घेऊन काठावर जायचं आहे. कुठे जावं, काय सांभाळावं?

नॉटिंगहममध्ये व्हिक्टोरिया एम्बँकमेंटला जा. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत, अगदी आपल्याकडच्या घाटासारख्या, आणि बसायला मोकळं मैदान. ॲटनबरोची तळी तर दिवसभर पुरतील.

पोहायला मात्र उतरू नका, आणि बंधाऱ्यांपासून लांब राहा. वरून पाणी मऊ पडतंय असं दिसतं, पण पायथ्याशी ते गोल फिरत राहतं आणि अडकलेल्या माणसाला सोडत नाही. न्यूअर्कच्या खाली, जिथे भरतीचा प्रभाव संपतो त्या क्रॉमवेल बंधाऱ्यावर सप्टेंबर १९७५ मध्ये रात्रीच्या सरावात दहा सैनिक बुडाले; त्यांचं स्मारक तिथेच आहे. एगर बघायला जाणार असाल तर भरतीच्या वेळा आदल्या दिवशी तपासा, उंच काठावर उभे राहा, आणि लाट येऊन गेल्यावरही लगेच खाली उतरू नका, कारण पाणी त्यानंतरच चढतं.